बयाबाईचा तीन किलोचा केक

आमच्या नेरूळच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर धनाजी साळुंखे राहतात. वय चौपन्न, मिशी भरघोस, आणि काम काय, तर केकवर राजकन्या बसवणं. नवीन वॉचमनला हे खरं वाटायला दोन महिने लागले. तोवर तो केकचे खोके घेऊन उतरणाऱ्या धनाजीरावांना रोज विचारायचा, "आज कुणाचा वाढदिवस?" आणि घरात माणसं किती असतील याचा मनात हिशेब करत बसायचा.

धनाजीराव मूळचे कोरेगावकडचे. एकोणिसाव्या वर्षी मामांच्या ओळखीनं कळंबोलीला आले आणि ट्रक रंगवायला लागले. मागच्या फळीवर कमळ, दोन बाजूंना मोर, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर दोन मोठे डोळे. त्यांच्या डोळ्यांना यार्डात नाव होतं. पंजाबपर्यंतचे ड्रायव्हर म्हणायचे की धनाजीनं काढलेला डोळा घाटात स्वतः रस्ता बघतो. पुढं छापील स्टिकर आले, दहा मिनिटांत चिकटायला लागले, आणि धनाजीराव घरी बसून पेपर वाचायला लागले. आधी बातम्या वाचायचे, मग जाहिराती, मग टेंडर नोटिसासुद्धा.

त्याच काळात विजयमालावहिनींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, केकचा क्लास केला. त्यांचा स्पंज कापसासारखा व्हायचा. चेहऱ्यांचं मात्र जमायचं नाही. त्यांनी केलेला ससा बघून एका दोन वर्षांच्या मुलानं जे भोकाड पसरलं, ते केक फ्रिजमध्ये ठेवल्यावरच थांबलं. पुढच्या ऑर्डरीत अस्वल होतं. तेही बिघडायला लागलं तेव्हा वहिनी टेकीला आल्या.

"अहो, नुसते बसलाय तर हे जरा बघा."

धनाजीरावांनी पेपर खाली ठेवला आणि फॉन्डंटचा गोळा हातात घेतला. फॉन्डंट म्हणजे साखरेचा लवचीक उंडा. लाटून केकवर चादरीसारखा घालायचा, नाहीतर त्याच्या बाहुल्या वळायच्या. धनाजीरावांनी तो बोटांत दाबून पाहिला.

"ही तर लांबी आहे," ते म्हणाले.

लांबी म्हणजे रंग देण्याआधी पत्र्यातले खड्डे बुजवायला भरतात तो लगदा. पंचवीस वर्षं लांबी भरलेला माणूस तो. बटरक्रीमचं पातं हातात आल्यावर त्यांनी केकच्या कडा अशा सरळ केल्या की ओळंबा लावून बघावं. मग अस्वलाचं नाक बसवलं, बारीक ब्रशनं डोळे काढले आणि सवयीनं केकच्या मागच्या बाजूला लिहून टाकलं, 'सुरक्षित अंतर ठेवा'.

वहिनींनी कपाळावर हात मारला. खोका मात्र तसाच गेला, कारण पुसायला वेळ नव्हता. गिऱ्हाइकाचा फोन आला की अस्वल फारच जिवंत आहे, पाहुणे लांबूनच फोटो काढतायत. तेव्हापासून स्पंज वहिनींचा आणि चेहरा धनाजीरावांचा, अशी वाटणी झाली.

मार्चमध्ये मोनाली नावाची एक बाई ऑर्डर द्यायला आली. पाम बीच रोडकडच्या एका टॉवरमध्ये राहणारी, नीटनेटकी, मोबाइलमध्ये यादी करून आलेली. मुलगी राजलक्ष्मी सहा वर्षांची होणार होती. तीन किलो, चॉकलेट, दोन मजली, वर गुलाबी झग्यातली राजकन्या. वहिनींनी सगळं लिहून घेतलं. मोनाली चव बघायला आत गेली तेवढ्यात राजलक्ष्मी धनाजीरावांच्या खुर्चीजवळ आली.

"काका, मला राजकन्या नको," ती हळूच म्हणाली. "मला बयाबाई पाहिजे. मम्मीला सांगू नका."

धनाजीरावांना वाटलं, नवीन कार्टून असणार. मुलांची कार्टूनं रोज बदलतात. त्या दुपारी त्यांनी मोबाइलवर बराच वेळ शोधलं. काही सापडेना.

"अगं," शेवटी त्यांनी वहिनींना विचारलं, "बयाबाई कुठल्या चॅनेलवर लागते?"

वहिनी हसत सुटल्या. "चॅनेलवर नाही, गेटवर. सारसोळ्याची मासळीवाली. मंगळवारी, शुक्रवारी नाही का येत? तीच त्या टॉवरकडेही जाते."

मग चौकशी झाली. राजलक्ष्मीच्या सोसायटीचे सेक्रेटरी सगळ्यांना नियम शिकवायचे, पण बयाबाईपुढं तीन वेळा हरले होते. ती सगळ्या मांजरांना नावानं हाक मारायची. एकदा तिनं राजलक्ष्मीला दोरी बांधलेला जिवंत खेकडा पाच मिनिटं धरायला दिला होता. तेव्हापासून घरी वडिलांचे मोजे पाटीत मांडून ती मासे विकत बसायची. वडिलांना ऑफिसला जाताना भाव करून मोजे घ्यावे लागायचे.

धनाजीराव पेचात पडले. ऑर्डर आईची, वाढदिवस मुलीचा. त्यांनी मोनालीला फोन लावला आणि पोरीचं नाव न घेता विचारलं, "ताई, राजकन्येसोबत एखादी मासळीवाली ठेवली तर?"

मग मोनाली म्हणाली, "हे राजीनं सांगितलं ना? काका, माझे सासू-सासरे येणार, ऑफिसचे लोक येणार. गुलाबी थीम आहे, फुगेसुद्धा गुलाबी आहेत. त्यात मासे कुठं बसवू?"

"मागच्या बाजूला. छोटीशी. फोटोत येणार नाही."

"अगदी छोटी हां," मोनाली म्हणाली.

शुक्रवारी धनाजीराव गेटवर जाऊन उभे राहिले. बयाबाई पाटी मांडून बसली होती. नऊवारीचा काष्टा, नाकात नथनी, अंबाड्यात अबोलीचा गजरा, हातात कोयता. साठीच्या पुढची, पण आवाज असा की दुसऱ्या गल्लीतली मांजरं हजर व्हायची. धनाजीराव एका डोळ्यानं बघायचे आणि खिशातल्या कागदावर रेघोट्या मारायचे.

"काय रं," बयाबाई म्हणाली, "मंगासपासून काय बगतंस? मासली घेवाची हाय का नाय?"

"मी माळकरी आहे," धनाजीराव म्हणाले.

"मंग माज्याकडं बगून काय टाल वाजवतंस?"

धनाजीरावांनी सगळं खरं सांगितलं. बयाबाईनं कोयता खाली ठेवला. मुलीचं नाव ऐकून तिचा चेहरा सैल पडला, पण लगेच तिनं अटी घातल्या. नाक आहे तेवढंच काढायचं, मोठं नाही. बांगड्या हिरव्या. आणि पाटीतलं पापलेट ताजं दिसलं पाहिजे.

"कल्ला लाल रंगव. डोला चकचकीत. शिला मावरा माज्या पाटीत दिसला त लोक काय म्हनतील?"

पुढचे दोन दिवस धनाजीरावांनी राजकन्या उभी केली आणि बयाबाई बसवली. राजकन्या एक वीत उंच, पोटात लाकडी काडी, झग्याला बटरक्रीमच्या सतरा झालरी. बयाबाई लिंबाएवढी, ऐसपैस उकिडवी. ती छोटी करायची ठरली होती, पण पाटी, पापलेट, सहा बोंबील आणि एक मांजर बसवता बसवता तिनं मागची बाजू पुरती व्यापली. वहिनींनी पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, "राजकन्येचे डोळे बघा. घाटात रस्ता शोधतेय."

रविवारी दुपारी नवराबायको केक मांडीवर घेऊन रिक्षानं निघाले. रिक्षावाल्याला वहिनींनी चारदा सांगितलं होतं, हळू घ्या. तो हळूच घेत होता. पण टॉवरच्या फाटकाशी नवा स्पीडब्रेकर होता, आणि त्यावर अजून पांढरे पट्टे मारले नव्हते. रिक्षा उडाली. खोक्यातून थप्प असा आवाज आला.

लॉबीत खोका उघडला. राजकन्येची काडी कमरेतून मोडली होती. ती मागच्या बाजूनं खाली येऊन, डोकं खाली आणि झालरी वर, थेट बयाबाईच्या पाटीवर ओणवी पडली होती. बयाबाई जागची हलली नव्हती. मांजरसुद्धा शाबूत होतं.

ट्रकचा रंग बिघडला तर रॉकेलनं पुसता येतो. इथं वर पंधरा मुलं टोप्या घालून थांबली होती. ते राजकन्येला उचलायला गेले तर झगा हातात आला, म्हणून पुन्हा होता तसा ठेवला. तेवढ्यात लिफ्ट उघडली आणि मोनाली बाहेर आली, मागून राजलक्ष्मी.

मोनालीनं केक पाहिला. धनाजीराव म्हणाले, "ताई, चूक माझी आहे. काडी जाड घ्यायला हवी होती."

राजलक्ष्मी खोक्याभोवती एक फेरी मारून आली. तिनं वाकून नीट पाहिलं.

"मम्मी, राजकन्या पापलेट निवडतेय," ती म्हणाली. "वास घेऊन बघतेय. आजी घेते तशी."

मोनालीनं परत बघितलं. खरंच, एवढी सजूनधजून आलेली बाई पाटीत नाक खुपसून होती आणि समोरची मासळीवाली तिच्याकडे, भाव कमी होणार नाही, अशा नजरेनं बघत होती. मोनालीला आधी नाकातून हसू आलं, मग ती लॉबीतल्या कुंडीच्या कठड्यावर बसूनच हसली. हसता हसता डोळे पुसत म्हणाली, "काका, मागची बाजू पुढं करा."

वर गेल्यावर आणखी एक गोष्ट कळली. राजलक्ष्मीनं परस्पर आमंत्रण दिलं होतं. बरोबर पाच वाजता बयाबाई दारात उभी राहिली. जरीची साडी, गजरा दुप्पट, आणि भेट म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळलेले सुके बोंबील. मोनालीच्या सासूबाईंनी पुडी नाकाला लावली आणि कुणाला विचारायच्या आत स्वयंपाकघरात नेऊन ठेवली.

बयाबाई केकसमोर उभी राहिली. बोंबलाच्या वासामुळे एसी बंद करून खिडक्या उघडल्या होत्या, फॉन्डंटला दमट हवा लागली होती, आणि साखरेच्या बयाबाईच्या कपाळावर बारीक थेंब आले होते. धनाजीराव रुमालानं टिपायला पुढं झाले.

"राहू दे," खरी बयाबाई म्हणाली. "आता माज्यासारखी दिसतंय."

मग मेणबत्त्या विझल्या, गाणं झालं, आणि अडचण आली. राजलक्ष्मीनं सुरी धरली, बयाबाईकडे बघितलं, आणि सुरी खाली ठेवली. बाई समोर उभी असताना तिला कापायचं कसं? तिचे वडील पुढं आले, तेही थबकले. सासरे म्हणाले, पाहुण्यांनी सुरुवात करावी. पाहुणे एकेक पाऊल मागं सरकले.

"व्हा बाजूला," बयाबाई म्हणाली. तिनं प्लॅस्टिकची सुरी उचलून वाकवून पाहिली. "या सुरीनं बोंबील पन नाय कापायचा. घरातली आन."

घरातली सुरी आली. बयाबाईनं पदर खोचला, केक स्वतःकडे फिरवला आणि एका अंगानं तुकड्या पाडायला सुरुवात केली. सगळ्या एकसारख्या, बोटभर जाडीच्या. मुलांनी आपोआप रांग लावली.

"साल काडून देऊ का तशीच?" ती प्रत्येकाला विचारत होती. मोठी माणसं वरचं फॉन्डंट सोलून द्यायला सांगत होती, मुलं सालीसकट घेत होती. सोललेली साल मांजरांसाठी बाजूला ठेवायला ती सवयीनं निघाली, तेव्हा वहिनींनी तिचा हात धरला. ऑफिसच्या एका साहेबांनी जरा मोठी तुकडी मागितली. "ताजा हाय, उद्या पन खाशील," असं म्हणून तिनं वर एक पापलेट घातलं.

शेवटी ताटात फक्त तिची स्वतःची मूर्ती उरली.

"डोकं कोनाला?" बयाबाईनं विचारलं.

"मला," राजलक्ष्मी म्हणाली. तिनं ते खाल्लं नाही, पार्टी संपेपर्यंत मुठीत धरून हिंडली, आणि अंबाड्याच्या काळ्या रंगानं तिचा तळवा दोन दिवस हिरवाजांभळा राहिला.

धनाजीराव कोपऱ्यात उभे राहून हे सगळं बघत होते. त्यांचे ट्रक एकदा रंगवून गेले की परत दिसायचे नाहीत. काम संपताना लोकांची तोंडं बघायची त्यांना सवय नव्हती. परत येताना रिक्षात वहिनींनी कसं वाटलं ते विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले, "तो साहेब पापलेट शेवटपर्यंत खात नव्हता. बघत बसला होता."

त्या वाढदिवसाच्या फोटोंमुळे ऑर्डरीच बदलल्या. आता लोक येऊन सांगतात, आमच्या डॉक्टरीणबाई करा, आमचे स्कूलबसवाले काका करा. गेल्या महिन्यात एका शाळेच्या मुलांनी पीटीच्या सरांचा केक मागवला. धनाजीरावांनी सरांना प्रत्यक्ष पाहून शिट्टी, कॅनव्हासचे बूट आणि पोट, सगळं मापात केलं. सरांनी केक पाहिला, मुलांकडे पाहिलं, खाली वाकून स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. मग पोट आत ओढून सुरी हातात घेतली आणि म्हणाले, "सुरुवात इथूनच करू या."