मिळकतधारकाची सही

जेसीबी गल्लीत शिरला तेव्हा सुनंदाताई रस्त्यावरच्या गतिरोधकाच्या उंचवट्यावर उभ्या होत्या. वसाहतीतल्या लोकांनी सुट्टीच्या दिवशी राडारोडा आणि सिमेंट ओतून तो स्वतःच घातला होता. चाकणच्या कंपन्यांत कामगार नेणाऱ्या बसेस निघोजेच्या रस्त्यावरची कोंडी टाळायला या गल्लीतून सुसाट जायच्या. ताई तिथल्या अंगणवाडीच्या सेविका, मूळच्या परभणीकडच्या. अंगणवाडी रस्त्याच्या पलीकडे, मुलांची घरं अलीकडे.

"मॅडम, जनरल शिफ्टच्या गाड्या अन् आमची लेकरं एकाच टायमाला येतेत. ह्याच्यामुळं गाडी जरा दमानं जाती."

"परवानगी नाही. उंचीही जास्त आहे. दुचाकीवाला पडला तर जबाबदार कोण?" जेसीबी घेऊन आलेली मी म्हणाले.

"मग तुमी मापाचा घालून द्या की. अर्ज दिलाय आमी."

अर्ज आला होता. मीच तो परत पाठवला होता.

मी तेव्हा रस्ते विभागात उपअभियंता होते. रहिवासी गल्ल्यांतली वाहनं संथ करण्याचं धोरण माझ्याकडे होतं. या कामाला ऑफिसात ट्रॅफिक कामिंग म्हणतात. गतिरोधक घालणं, क्रॉसिंगचा भाग उंच करणं, वळण अरुंद करणं, असे उपाय त्यात येतात. पूर्वी प्रत्येकाला आपल्या दारासमोर गतिरोधक हवा असायचा आणि शेजाऱ्याला तो नको असायचा. म्हणून धोरणात मी एक अट लिहिली : गल्लीतल्या दोन तृतीयांश मिळकतधारकांच्या सह्या, सोबत प्रत्येकाची मिळकतकराची पावती. मी राहते त्या सोसायटीत असंच चालतं. मत मालकाचं. अट लागू झाल्यावर अर्ज एकदम कमी झाले. बैठकीत माझं कौतुक झालं.

सुनंदाताईंच्या गल्लीत जवळजवळ सगळे भाडेकरू. खोल्या एकाच घरमालकाच्या, आणि कंपनीच्या बसेसचा ठेकाही त्याचाच. हे मला माहीत होतं. अर्ज परत न्यायला ताई ऑफिसात आल्या तेव्हा त्यांनीच सांगितलं होतं.

"गाड्या त्याच्याच हायेत. तो कशाला सही देतो?"

"नियमात बसत नाही, ताई," मी म्हणाले आणि पुढची फाइल उघडली.

जेसीबीपुढून ताईंना दोन बायकांनी हात धरून बाजूला नेलं. दहा मिनिटांत उंचवटा निघाला. घरमालक खुर्ची घेऊन आले.

"बसा मॅडम, च्या घ्या. गाड्यांच्या स्प्रिंगचं पाटं तुटत हुतं राव. नियमानं काम करणारं मानूस आता ऱ्हायलंय कुठं?"

चहा मी घेतला.

पुढच्याच आठवड्यात मुलं रस्ता ओलांडताना सुसाट बस आली, ताईंनी मुलांना मागे ढकललं आणि स्वतः बंपरखाली सापडल्या. मुलांना काही झालं नाही. ताईंच्या मांडीचं हाड मोडलं. आत रॉड घालावा लागला.

दुसऱ्या दिवशी आमच्या कार्यकारी अभियंत्यांनी मला बोलावलं.

"पेपरात आलंय. धोरण अपडेट करून टाका. प्रस्तावात कारण काय देणार?"

"भाडेकरूंच्या संख्येत झालेली वाढ."

"हां. हे कुणाच्या अंगावर येत नाही."

भाडेकरू वाढले नव्हते. मी अट लिहिली त्याच्या आधीपासून ते तिथेच होते. प्रस्ताव तसाच गेला आणि मंजूर झाला. नव्या धोरणात गल्लीत राहणारा कुणीही प्रौढ माणूस अर्ज करू शकतो. वाहनांचा वेग शिफ्टच्या वेळेला मोजायचा, पूर्वीसारखा रिकाम्या दुपारी नाही. शाळेसमोर मुख्याध्यापकांची आणि अंगणवाडीसमोर सेविकेची एकटीची सही पुरते.

पहिला फॉर्म घेऊन मी ताईंच्या खोलीवर गेले. शिपायाला पाठवता आलं असतं. ताई पलंगावर बसल्या होत्या, शेजारी वॉकर. चष्मा लावून त्यांनी फॉर्म सगळा वाचला.

"ह्यात मालकाची सही कुठं न्हाई."

"आता लागत नाही."

"मग तवा कामून लागत होती?"

"तेव्हा नियम तसा होता."

"असंल," त्या म्हणाल्या. "नियम करणाऱ्याला कुठं आमच्या गल्लीत ऱ्हायचंय."

त्यांनी सही केली. तो नियम मी केला होता, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. मी फॉर्म फाइलमध्ये ठेवला आणि चपला घातल्या.

महिन्याभरात उंच केलेलं क्रॉसिंग झालं, मापाचं, पांढरे पट्टे मारलेलं. बसेस आता मोठ्या रस्त्याने जातात. ताई काही महिन्यांनी पुन्हा कामावर आल्या, पण मुलांना रस्ता दुसऱ्या बाई ओलांडून देतात.

मी आता निवृत्त आहे. नवे इंजिनीअर कधी सल्ला विचारतात. त्यांना सांगते : अर्ज कमी झाले की आनंद मानू नका. ज्यांना अर्ज करता आला नाही, ते कोण, ते आधी जाऊन बघा.