स्टुडिओतला इटलीचा रस्ता

आठवीत शाळा सुटली आणि गडचिरोलीकडचं गाव सोडून मी रंगाऱ्यांच्या टोळीबरोबर जालन्यात आलो. एका कारखान्याचं रंगकाम संपलं, टोळी पुढे गेली. मला जुन्या जालन्यातल्या फोटो स्टुडिओवाल्या चाचांनी ठेवून घेतलं. जेवण त्यांच्या घरचं, झोपायला स्टुडिओमागची खोली. एवढं कोण करतं? तरी रोज सकाळी वाटायचं, आज जा म्हणतील.

मोबाइलमुळे धंदा बसला होता. फोटोमागे लावायला चाचांना नवा पडदा हवा होता. रद्दीत त्यांना एक कॅलेंडर सापडलं, हल्लीच्या एका इटालियन चित्रकाराच्या चित्राचं. त्यात कारंजं नाही, फुलं नाहीत. करडी घरं, बांधकामाची परांची, विजेच्या तारा, खाली ओला रस्ता आणि एक मोटार. परांचीवर मी कितीदा उभा राहिलेला, त्यामुळे मला ते शहर परकं वाटलंच नाही.

"हे कापडावर हुबेहूब उतार," चाचा म्हणाले. "पडदा चालला तर तू बी राहा. न्हाई तर मंग दुकानच बंद करावं लागंल."

मी चौकटी आखून सगळं कापडावर उतरवलं. एक तारसुद्धा सोडली नाही.

पहिलं गिऱ्हाईक अंबडचं. नवं जोडपं आणि नवऱ्याची मावशी. फोटो निघाला, मावशींनी तो स्क्रीनवर पाहिला.

"अगं बाई! हे दोघं तर हवेत लटकून राह्यले! पायाखालून मोटार चालली की!"

"लग्न झाल्यावर असंच असतंय, मावशी," नवरदेव म्हणाला. नवरी पदराआड हसली. मी मात्र कॅलेंडर काढलं.

पुन्हा पाहिलं तेव्हा कळलं. चित्रकारानं रस्ता वरच्या मजल्याच्या खिडकीतून पाहिला होता, आणि आम्ही माणसं त्या खिडकीबाहेर उभी केली होती.

चाचांनी पाहुण्यांना चहा मागवला. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "बघत काय बसला? चहा होईस्तोवर जल्दी कायतरी कर."

मी रुंद ब्रश घेतला आणि पडद्याच्या खालच्या भागात, रस्त्यावरूनच, कमरेएवढा सिमेंटचा कठडा रंगवला. आपल्या गच्चीला असतो तसा. मोटार त्याच्यामागे गेली.

"टेकू नका, ओला आहे," मी सांगितलं. दोघं पुढे उभी राहिली. आता फोटोत ती दोघं गच्चीत उभी होती.

"आता बराबर," मावशी म्हणाल्या. "पापड बी वाळत घालता येतील हितं."

पाहुणे गेल्यावर चाचा पडद्याजवळ गेले. मी ब्रश धुत राहिलो.

"उद्या वाटूरची पार्टी येऊन राह्यली," ते म्हणाले. "त्याच्या आधी कठड्याला सावली घाल."