टीव्हीवरची नवरी

"मॅचमध्ये मैदान फिकट दिसत होतं, म्हणून टीव्हीचे रंग वाढवले. त्यात एवढं आकाशपाताळ एक करण्यासारखं काय आहे?" थोरलीचा नवरा म्हणाला आणि सोफ्यावर पाय वर घेऊन बसला.

थोरलीच्या, म्हणजे घरातल्या मोठ्या सुनेच्या, हातात गिऱ्हाइकाच्या लग्नाचा अल्बम होता. स्टुडिओवाल्या काकांनी सकाळी तो तिच्यापुढे सरकवला होता. पहिल्याच पानावरची नवरी तापातून उठल्यासारखी दिसत होती. ओठ राखाडी, गाल पिठासारखे. नवरीची आई म्हणे स्टुडिओत येऊन रडून गेली. आणि रंग दुरुस्त केले होते थोरलीने.

घरात तिला फोटोबाई म्हणत, पण लाडाने नव्हे. लग्नाआधी ती याच स्टुडिओत काम शिकली. मुलगी झाल्यावर काकांनी काम घरी द्यायला सुरुवात केली. मागच्या खोलीत, इस्त्रीच्या टेबलाला खेटून तिचा कॉम्प्युटर असे. कोणाचा गाल उन्हाने तांबूस झालाय आणि कोणाचा लाजेने, हे तिला बघताक्षणी कळायचं. नवरीच्या चेहऱ्याला काका दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत. घराबाहेर तिची काही पत होती ती एवढीच.

मग तिचा मॉनिटर बंद पडला. नवा घेऊया म्हणाली, तर नवऱ्याने ते हसण्यावारी नेलं. हॉलमध्ये भिंतभर टीव्ही असताना वेगळा मॉनिटर कशाला? एक वायर आणून त्याने कॉम्प्युटर टीव्हीला जोडला आणि मोठा पराक्रम केल्यासारखा ज्याला त्याला फोनवर सांगत सुटला. थोरलीची खुर्ची हॉलमध्ये आली. दुपारी ती काम करायची आणि मागे बसून सासूबाई परक्या नवरींच्या नाकाडोळ्यांना नावं ठेवायच्या.

तिने तेही चालवून घेतलं. टीव्ही चित्राच्या कडा कापत होता, ते तिने शोधून नीट केलं. जुन्या अल्बमचं छापलेलं पान पडद्याशेजारी धरून, रिमोटने थोडं थोडं करत रंग जुळवले आणि घरात बजावून ठेवलं, रंगांना कोणी हात लावायचा नाही.

नवऱ्याने मॅचसाठी हात लावलाच, तोही तिला न सांगता. दुसऱ्या दिवशी पडद्यावर सगळं वऱ्हाड टोमॅटोसारखं लालबुंद. तिला वाटलं, फोटोग्राफरनेच दिव्यांचा घोळ घातलाय. पानामागून पान ती लाली उतरवत बसली. ते जुनं पान एकदा पुन्हा धरून बघितलं असतं, तर? या विचाराने तिला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटत होती.

"काका म्हणाले, नीट पडदा होईपर्यंत नवरीचं काम देणार नाही," ती म्हणाली. "मला मॉनिटर हवाय."

"परत तेच. अगं, एवढा टीव्ही दिलाय की तुला."

"दिलाय?"

"मग? तोच तुझा मॉनिटर."

"आणि आमच्या मालिका?" सासूबाईंनी लगेच विचारलं. "घरातला टीव्ही सगळ्यांचा असतो हो, सूनबाई."

अल्बम खुर्चीवर ठेवून थोरली टीव्हीमागे गेली आणि एकेक वायर उपटू लागली. रागाच्या भरात काहीतरी मोडून ठेवशील, असं नवरा सोफ्यावरूनच म्हणाला. तिने टीव्ही एका बाजूने उचलला. दुसरी बाजू खाली येऊ लागली तसा तो धावला आणि धरून बसला. मग सोडता येईना. ती मागे मागे सरकत गेली, तो ओढला गेला, आणि टीव्ही मागच्या खोलीत इस्त्रीच्या टेबलावर येऊन टेकला. इस्त्री तिने खाली ठेवली.

कॉम्प्युटर जोडून झाल्यावर ती दारात आली. रिमोट तिच्या हातात होता.

"टीव्ही आता इथेच राहणार. तो माझा मॉनिटर आहे, तुम्हीच म्हणालात. रिमोट माझ्या ड्रॉवरमध्ये असेल. ज्याला मालिका बघायची, मॅच बघायची, त्याने माझं काम संपल्यावर दार वाजवून आत यावं. खुर्ची आपापली आणायची."