सुनेचा चहा आणि आबांचा पंप

ती दुपार मी अजून विसरलेलो नाही. पिंपळनेर पोलीस ठाण्याचा प्रभारी असताना ठाणे अंमलदारानं फोन माझ्या हाती दिला. जळगावच्या मेहरूणला सासरी असलेली एक बाई रडत ओरडत होती, "साहेब, माझ्या वहिनीनं आबांना चहातून विष दिलं. तिला आत टाका!"

आबा म्हणजे तिचे वडील, आमच्याच हद्दीतल्या गावात राहणारे, दम्याचे जुने रुग्ण. मी रुग्णालय गाठलं. आबांचे हात थरथरत होते, उलट्या चालू, नाडी दीडशेच्या घरात. डॉक्टर म्हणाले, "पिकावरच्या फवारणीच्या औषधाची लक्षणं जुळत नाहीत. अंगात काय गेलंय ते लवकर शोधा."

तोवर गावानं सुनेला खुनी ठरवून टाकलं होतं. ठाण्यात बसून ती एवढंच म्हणत होती, "चहा बठ्ठासनी पिदा, साहेब." म्हणजे चहा घरातल्या सगळ्यांनीच प्यायला होता.

मी पंचनाम्याला घरी गेलो. खळ्यात मक्याची मळणी, धुरळा नुसता! कपांसोबत खाटेवरचा दम्याचा पंपही जप्त केला. सकाळीच नवा आणलेला, आणि पाठीवरचा, उरलेले फवारे दाखवणारा आकडा दोनशेवरून एकशे तीसवर. अरे देवा, अर्ध्या दिवसात सत्तर फवारे!

मग घरच्यांचे जबाब मी वेगवेगळे घेतले. मळणीतून जो पाणी प्यायला येई, तो आबांची धाप बघून पंप देई. सासू, मुलगा, सून. आपण पंप दिला हे कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. शिवाय आबा स्वतःही घेतच होते. मुलगा माझ्यावरच उखडला, "ती ते नुसती हवा शे, साहेब. पोटमा थोडीच जास!"

"हवा? मग बाप का थरथरतोय?" मी गरजलो आणि डॉक्टरांना फोन लावून सत्तर फवाऱ्यांचा आकडा सांगितला. ते पंपातल्याच औषधाची वाफ द्यायच्या बेतात होते, ती थांबवली. हृदयाचा आलेख काढला. त्या जादा औषधानं रक्तातलं पोटॅशियम घसरलं होतं, ते शिरेतून हळूहळू भरलं. संध्याकाळपर्यंत नाडी उतरली. घरच्यांना डॉक्टरांनी बजावलं, "पंप हवाच, पण सांगितला तेवढाच. तेवढ्यानं दम बसला नाही तर दवाखान्यात आणायचं, फवारे वाढवायचे नाहीत."

त्या केसनं मला शिकवलं, की घरातले सगळे खरं बोलत असले तरी प्रत्येकाला विचारावंच लागतं. नोकरीत मी नामचीन गुन्हेगार धरले, पण जास्त अभिमान वाटतो तो त्या न केलेल्या अटकेचा. मी सुनेला म्हटलं, "अक्का, तुमच्यावर काही नाही. घरी जा."

ती उठली, पदर सावरला. "घर राहू द्या, साहेब. माले पहिले आबाले दखू द्या."

मी तिला माझ्याच जीपमधून आबांना बघायला रुग्णालयात नेलं.