प्लास्टिकवरचं लाकूड

माझी आत्या दात बनवते. ती डॉक्टर नाही. डॉक्टर तोंडाचा साचा घेऊन लॅबमध्ये पाठवतात आणि आत्या त्यावरून दात घडवते. अगदी पांढरेशुभ्र केले तर ते तोंडात उपरे दिसतात, म्हणून बारीक ब्रशने मुद्दाम डाग घालते, चिरा घालते. माणूस भेटला की ती आधी दात बघते, मग चेहरा. माझं लग्न ठरत होतं तेव्हा सगळ्यांनी तिचं मत विचारलं, तर म्हणाली, "सुळे छान आहेत मुलाचे." एवढंच.

आत्या आणि माझे मोठे काका, दोघांनीही लग्न केलं नाही. दोघं एकाच घरात राहायची, तिसऱ्या मजल्यावर. काका बस डेपोत गाड्यांच्या वेळा लावायचे आणि घरी आले की खिडकीजवळच्या टेबलाशी बसून विमानांची मॉडेलं करायचे. जुन्या काळची विमानं, ज्यांचं अंग लाकडाचं असायचं. मॉडेल मात्र करड्या प्लास्टिकचं, वीतभर लांब. त्या प्लास्टिकवर लाकूड उमटवणं ही काकांची खासियत. आधी फिकट पिवळसर रंग द्यायचा. तो पक्का वाळला की त्यावर तपकिरी ऑइल रंग अगदी जेमतेम लावायचा आणि केस कातरून राठ केलेला ब्रश त्यातून ओढत न्यायचा. मागे रेषा उरायच्या, लाकडात असतात तशा. एक फळी झाली की चिकटपट्टी लावून शेजारची, म्हणजे तिच्या रेषा वेगळ्या जायच्या. हे सगळं चाललेलं असताना आत्या भाजी चिरत टोमणे मारायची.

"दादा, वाळवी लागेल हं तुझ्या प्लास्टिकला."

"तुझ्या दातांना कीड लागली की लगेच लागेल."

काका गेले ते डेपोतच. दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या. आत्याला फोन आला तेव्हा तिच्या हातात कोणाची तरी दाढ होती. तिने ती पुरी केली, भट्टीत ठेवली, हात धुतले आणि मग निघाली. हे तिनेच मला सांगितलं, बस चुकल्याचं सांगावं अशा आवाजात.

ती रडली नाही. आई म्हणाली, "ताई, रडून घ्या हो, मोकळं वाटेल."

"येत नाहीये गं. आलं की रडेन."

माझ्या बाबांना ते फार लागलं. त्यांचेही सख्खे भाऊच ना. "ताईचं काळीज दगडाचं आहे," असं ते घरी आल्यावर बोलले. पण मी दर रविवारी आत्याकडे जायचे आणि मला दगड काही दिसला नाही. मला दिसायची ती गॅसवरचं पाणी आटून जाईपर्यंत त्याच्याकडे बघत उभी राहणारी बाई. ती कामावर जात होती, जेवत होती, विचारलं तर उत्तर देत होती. भाजीत मीठ नसलं तरी तिला कळत नव्हतं.

अशाच एका रविवारी पायलट आले. हे काकांचे जुने मित्र आणि त्यांच्यासारखेच मॉडेलवाले. पोस्टात नोकरी केलेला हा माणूस आयुष्यात विमानात बसला नव्हता, म्हणून काकांनीच त्यांना ते नाव ठेवलं होतं. लिफ्टलासुद्धा घाबरायचे. तिन्ही मजले चढून आले आणि धापा टाकत टेबलासमोर उभे राहिले. टेबलावर काकांचं शेवटचं विमान होतं. डाव्या बाजूला सुंदर लाकूड, उजवीकडे नुसता पिवळा रंग.

"वाचनालयात प्रदर्शन आहे आमचं," पायलट म्हणाले. "हे असंच ठेवू, अर्धवट. त्याची आठवण म्हणून."

"अर्धवट नाही द्यायचं," आत्या म्हणाली. "उजवी बाजू मी करते."

"तुम्ही?"

"ब्रश धरता येतो मला."

ब्रश धरता येत होता, लाकूड येत नव्हतं. दातांच्या कामाची सवय अशी की जरा चुकलं की दुरुस्त करायचं, पुन्हा बघायचं, पुन्हा दुरुस्त करायचं. आत्या एकेक रेषा नीट करत बसायची आणि सगळ्या रेषा शहाण्या मुलींसारख्या ओळीत उभ्या राहायच्या. मग फडक्यावर थिनर घेऊन पुसून टाकायची आणि पुन्हा पहिल्यापासून.

त्या पुसण्यातच घात झाला. काकांनी आपल्या बाजूवर रंग धरून ठेवणारं वॉर्निश दिलंच नव्हतं. फडक्यातला थिनर विमानाच्या पाठीवरून पलीकडे ओघळला. आत्याने विमान फिरवून पाहिलं तर पंखापासून शेपटीपर्यंत काकांच्या रेषा विरघळून नुसता चिखल झाला होता.

"पुसलं गेलं," ती म्हणाली.

मला रडू फुटलं. आत्याने माझ्याकडे बघितलं, हिला काय झालं अशा नजरेने. मग तिने फडक्यावर आणखी थिनर घेतला आणि पुढचा भागही पुसायला लागली.

"आत्या, अगं उरलंय तेवढं तरी ठेव!"

"जोड दिसेल," ती म्हणाली आणि पुसत राहिली.

मग तिने दोन्ही बाजू रंगवल्या. आणि गंमत म्हणजे आता जमल्या. ते चांगलं व्हावं असंही बहुतेक तिला वाटेनासं झालं होतं, त्यामुळे हात वेळेवर थांबायचा. ब्रश एकदा ओढायची आणि सोडून द्यायची. रेषा वाकडी गेली तर वाकडी. एका फळीवर चुकून थेंब पडला, त्याची गाठ झाली, तीही ठेवली. सगळं वाळल्यावर वॉर्निश दिलं.

वाचनालयात ते विमान दारासमोरच ठेवलं होतं, काकांच्या नावाची पट्टी लावून. पायलट येणाऱ्या-जाणाऱ्याला हाताला धरून आणत होते. आम्ही गेलो तेव्हा त्यांनी विमान अलगद फिरवून डावी बाजू पुढे केली.

"ताई, राग मानू नका. तुमची बाजूही झकास झालीय. पण ही त्याची बघा. ही गाठ बघा! असा हात पुन्हा होणे नाही."

"तीही मीच केलीय," आत्या म्हणाली. "दादाची पुसली गेली माझ्याकडून."

पायलटांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मग त्याचं काय राहिलं यात?"

"पंख त्याचे. चाकं. आतली खुर्ची."

"खुर्ची दिसतच नाही वरून."

"नाही दिसत."

ते बाहेर निघून गेले. आत्याने पट्टी बदलायला सांगितलं नाही आणि कोणी बदललीही नाही. प्रदर्शन संपल्यावर दुसऱ्याच कोणीतरी विमान घरी आणून दिलं. पायलटांचे फोन बंद झाले, येणं बंद झालं. "माझंच चुकलं का गं?" असं आत्याने मला एकदाच विचारलं आणि माझं उत्तर ऐकायच्या आत ती कपडे वाळत घालायला गेली.

बरेच महिने गेले. एका रविवारी मी तिथेच असताना जिन्यात धापा ऐकू आल्या. पायलट दारात उभे, हातात चपलांचा खोका. खोक्यात त्यांचं स्वतःचं विमान.

"नाकावरच्या पंख्याचं लाकूड जमत नाहीये," ते आत्याकडे न बघता म्हणाले. "फिकट-गडद थर हवेत. माझे सगळे एकात एक मिसळतात."

"पहिला वाळायच्या आत दुसरा देता तुम्ही. बसा. आधी पाणी घ्या."

आत्याने टेबलावरचा पसारा बाजूला सारला, दिवा ओढला आणि तो काडीएवढा पंखा चिमट्यात धरून रंगवायला घेतला. पायलट शेजारी बसून बघत होते. बघता बघता त्यांचे खांदे हलायला लागले आणि त्यांनी टेबलावरचं फडकं उचलून डोळ्यांकडे नेलं.

"ते नको," आत्याने पटकन त्यांचा हात धरला. "थिनर आहे त्याला."

ती उठली, आतून धुतलेला नॅपकिन आणून त्यांच्या मांडीवर ठेवला आणि पुन्हा पंखा हातात घेतला. तिचे डोळे कोरडेच होते. पायलटांचं रडणं आवरेपर्यंत तिचा एक थर देऊन झाला होता आणि तो वाळायची वाट बघत ती बसून होती.