सोसायटीला पायरी न्हाई

सोसायटीच्या गोडाऊनला पायरी कावून न्हाई, हे आमच्या गावात सगळ्यांला ठाऊक हाय. पण बोलत कुणी न्हाई. मी बोलते.

मुक्ताबाई गुरवीण. धारूरच्या डोंगराखाली आमचं महादेवाचं जुनं देऊळ हाय, त्याची पूजा तिच्या घरात. देवळापुढं दगडी दीपमाळ व्हती, तिच्यावर रोज दिवा लावायचा मान तिच्या नवऱ्याचा, सटवाचा. बहात्तरच्या दुष्काळाच्या दोन वर्षं आदी सोसायटीचा चेअरमन माणिकरावनं ती पाडली अन् दगड गोडाऊनला नेले. "पडायलाच आलती," म्हणला. ज्याच्यावर दिवा लागायचा त्यो दगड तर गोडाऊनच्या दारात पायरी म्हणून बसवला. चपला घासायचा त्याच्यावर! सटवानं अंथरूणच धरलं. मरताना एवढंच म्हणला, "मुक्ते, दिव्यावर पाय पडायलेत."

ती रडली न्हाई. थांबली.

मग दुष्काळ आला. बारवेच्या तळाला जरासं पाणी. आमच्याकडं पाऊस न्हाई पडला की महादेव कोंडतेत. गाभाऱ्याची मोरी बुजवायची, घरटी एक घागर ओतायची, पिंड बुडवायची. पण मोरी गुरवाच्याच हातानं बुजली पायजे, न्हाईतर कोंडी लागत न्हाई. सगळं गाव घागरी घेऊन उभं. पुढं माणिकराव.

मुक्ताबाई चिखलाचा गोळा घेऊन उंबऱ्यात बसली.

"बुजव की, बाई."

"आदी माझा दगड आणा."

"सिमेंटात बसवलाय त्यो!"

"मग पहार घ्या. गडी न्हाई, तुमी सोता. अन् अनवाणी."

"लई माजलीस गं!"

"माजले. लोकांला घरी जा म्हणू का?"

मागून म्हाळू वरडला, "चेअरमनसाब, उरका की! घागरीनं मान मोडायली!"

सगळं गाव हसलं. तिथंच जिरली त्याची. दोन तास पहार मारली, मग दगड डोक्यावर, भर उन्हात, पाय भाजत देवळापोतर. मुक्ताबाईनं दगड पदरानं पुसला, दिवा लावला, माणिकरावला त्याच्या पाया पडाया लावलं. मग मोरी बुजवली. घागरी वतल्या. पिंड बुडायला थोडंसंच पाणी कमी पडलं. माणिकराव आपली घागर घेऊन पुढं आला.

"तुमचं नगं," म्हणली. अन् सोता घागर घेऊन बारवेत उतरली. तिच्याच पाण्यानं पिंड बुडाली.

पुढं कधीबी गोडाऊनला नवी पायरी बसवायला गवंडी आला की ती दारात जाऊन बसायची. आता ती न्हाई. पण चेअरमन कुणीबी होवो, धोतर आवरून उडी मारूनच आत जातो. जाऊ द्या तसाच!