दोनदा ओढलेला पट्टा

“मग तू नको येऊस,” मुलगी म्हणाली. “पण बाबांना अडवू नकोस.”

आईचा हात कांद्यावर चालतच राहिला. आपण कुणाला अडवलेलं नाही, आपण फक्त विचारलं, असं तिचं म्हणणं होतं. मुलीनं ठरवलेली ही सफर म्हणजे इमारतीएवढं जहाज, त्यात एका गावाएवढी माणसं. रात्री पाणी शिरलं तर कोण कुणासाठी थांबणार आहे, एवढंच तिनं विचारलं होतं. मुलीनं फोन पुढे धरला. जहाजावर होड्या आहेत, सगळी माणसं बसून जागा उरेल एवढ्या आहेत. निघण्याआधी सगळ्यांना गोळा करून काय करायचं ते शिकवतात. प्रत्येक खोलीत जॅकेटं असतात. जॅकेट हा शब्द आल्यावर मात्र सुरी थांबली.

“जॅकेटांचं मला नको सांगूस,” आई म्हणाली.

ती लाइफ जॅकेटांच्याच कारखान्यात कामाला होती, आणि तेही तपासणीच्या टेबलावर.

स्वयंपाकघरातल्या टेबलाशी नवऱ्याची थोरली बहीण वाटाणे सोलत बसली होती. ती शेजारच्या इमारतीत एकटी राहायची आणि भांडणाचा वास लागला की काहीतरी सोलायला घेऊन यायची. “मला कुणी नेलं तर मी आत्ता निघेन,” ती म्हणाली. “बुडाले तर बुडाले. निदान तुम्हाला माझा डबा दवाखान्यात पोचवायला नको.”

“वन्सं, तुम्ही चेष्टा करताय.”

“चेष्टा कसली? माझी बॅग तयार असते नेहमी.”

नवरा खिडकीपाशी उभा होता. तो बसचा ड्रायव्हर, नुकताच निवृत्त झालेला. भांडणात तो सहसा पडायचा नाही. दोघी दमल्या की मधल्या शांततेत विचारायचा, चहा ठेवू का. आज त्यानं चहाचं विचारलं नाही.

“जन्मभर बस चालवली मी,” तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. “माझ्या मागे बसून लोक बाहेर बघायचे. मला रस्ता सोडून दुसरीकडे बघायची सोय नव्हती. आता एकदा मला बाहेर बघत बसायचंय आणि चालवणारा दुसरा कुणीतरी हवाय. एवढंच आहे माझं.” मग तो वळला. “तू एकदा तरी बसलीस माझ्या बसमध्ये?”

“तुमचं लक्ष आरशातून माझ्याकडे गेलं असतं.”

“तू असं सांगायचीस. मला वाटायचं, हिचा माझ्या हातांवर भरवसा नाही.”

मुलीनं फोन खाली ठेवला. वाटाण्याची एक शेंग वन्संच्या हातात तशीच राहिली.

“ताई, बॅग भर,” तो म्हणाला. “सोमवारपर्यंत तिकिटावरचं नाव बदलून मिळतंय. हिच्या जागी तुझं घालू.”

आवाज चढवून म्हणाला असता तर तिनं चार शब्द ऐकवले असते. पण बसथांब्याचं नाव सांगावं तसं त्यानं ते सांगितलं, आणि चहा न घेताच बाहेर निघून गेला.

कारखान्यात तिला डबलखेच म्हणायचे. लग्नानंतर वर्षभरात ती तिथे लागली, आधी शिलाईचे दोरे कापायला, मग मशीनवर, आणि नजर पक्की आहे म्हणून पुढे तपासणीला. तिच्या पुढ्यात नारिंगी जॅकेटांचा ढीग यायचा. ती खांद्याची शिवण ताणून बघायची, छातीवरचं बक्कल लावायची, सोडायची. मग पट्टे: एक कमरेभोवतीचा, आणि एक पाठीकडून निघून दोन पायांमधून पुढे येणारा. बाकीच्या तपासनीस बायका पट्टा एकदा ओढून पुढे सरकवायच्या. ही दोनदा ओढायची. पहिल्यांदा पट्ट्यासाठी, दुसऱ्यांदा स्वतःसाठी, असं एकदा कुणीतरी म्हणालं आणि नाव पडलं.

घरीही तेच होतं. गॅसचं बटण बंद करून झाल्यावर पुन्हा हात जायचा. दाराला कुलूप लावलं की ती जिन्यातून परत वर यायची. नवऱ्याला मोटारसायकल घेऊ दिली नाही. गॅलरीची खोली चांगली हवेशीर होती, पण कठडा कमरेखाली येतो म्हणून ती घेऊ दिली नाही. मुलीचा सगळा वर्ग समुद्रावर सहलीला गेला तेव्हा मुलगी घरी बसून चित्रं रंगवत होती. त्या चित्रांत समुद्र होता, हे मुलीनं नंतर अनेकदा ऐकवलेलं होतं.

पण डबलखेच भित्री होती असं म्हणणं बरोबर नाही. तिला एक गोष्ट माहीत होती, जी जहाजाच्या जाहिरातीत नव्हती. लोकांना वाटतं, असल्या वस्तू यंत्रातून बाहेर पडतात. त्या बायकांच्या हातांतून बाहेर पडतात. एकीचा नवरा आठवडाभर बोललेला नसतो, एकीची दाढ ठणकत असते, एकीला जेवणानंतर डोळा आवरत नसतो. हात चालू असतात. बहुतेक वेळा हात बरोबरच चालतात. जहाजावरची जॅकेटं अशाच कुठल्यातरी दाढ ठणकणाऱ्या बाईनं पास केलेली असणार, आणि ती बाई दोनदा ओढणारी आहे की एकदा, हे सांगणारं मुलीच्या फोनमध्ये काही नव्हतं. हे घरी नीट समजावून सांगावं, असं तिला वाटायचं. पण तोंड उघडलं की त्या सांगण्याची नेहमीचीच कुरकुर व्हायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी आतल्या खोलीत वन्संची बॅग आली. निळी, चाकांची, कडीला लाल रिबन बांधलेली. ऐनवेळी धावपळ नको म्हणून आधीच आणून ठेवली, असं वन्सं म्हणाल्या, आणि ती नेमकी डबलखेचच्या कपाटाला टेकवून उभी केली. साधा रुमाल काढायचा तरी बॅग सरकवावी लागायची. ती सरकवायची, रुमाल काढायची, बॅग पुन्हा जागेवर ठेवायची. नवरा पेपर वाचत असायचा. दोघं बोलत होते. भाजी कुठली आणायची, दूधवाल्याला काय सांगायचं, हे सगळं नीट चाललं होतं. पण संध्याकाळी ती कामावरून यायच्या आधीच तो चप्पल घालून फिरायला निघून गेलेला असायचा. तो इतके दिवस तिच्यासाठी थांबत होता, हे तिला आता, तो थांबेनासा झाल्यावर लक्षात आलं.

शुक्रवारी एक पट्टा तिसऱ्यांदा ओढता ओढता ती थांबली. पलीकडच्या टेबलावरून हाक आली, “काय गं डबलखेच, आज तिप्पट का?” बायका हसल्या. ती हसली नाही. ती सुपरवायझरकडे गेली आणि विचारलं, हे पाण्यात कसं दिसतं?

सुपरवायझरला आधी प्रश्नच कळला नाही. पाण्यातली चाचणी दुसरीकडे व्हायची, दुसरी माणसं करायची. इथून फक्त खोकी जायची. इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं, आणि खरं म्हणजे त्यानंही पाहिलं नव्हतं. कपाटात नमुन्याची काही जॅकेटं पडून होती, त्यातली दोन त्यानं दिली. सोमवारी परत आण म्हणाला. तिकिटावरचं नाव बदलायची मुदतही सोमवारचीच होती.

शनिवारी जेवताना तिनं सांगितलं की रविवारी दुपारी सगळ्यांनी तरणतलावावर यायचं आहे. कशाला, हे मुलीनं विचारलं. बघायला, ती म्हणाली. नवऱ्यानं घास हातात धरून तिच्याकडे पाहिलं. तिला पोहता येत नव्हतं, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. बाथरूममध्येसुद्धा ती डोळे मिटून डोक्यावर पाणी घ्यायची नाही.

तरणतलावावर रविवारची गर्दी होती. पाण्याला औषधाचा वास, ओल्या फरशीवर अनवाणी पायांचा चपचप आवाज. वन्सं सावलीतली खुर्ची धरून बसल्या, मांडीवर पर्स. तलावावरची जीवरक्षक एक रुंद खांद्यांची, गळ्यात शिट्टी अडकवलेली बाई होती. पोहता येत नाही म्हटल्यावर तिनं उथळ भागाकडे बोट केलं.

“उथळ पाण्यात काय कळणार?” डबलखेच म्हणाली. “पाय टेकतील.”

जीवरक्षक बाईनं तिच्याकडे, मग जॅकेटाकडे पाहिलं. बरोबर कोण आहे, तिनं विचारलं. नवरा तोवर पाण्यात उतरला होता आणि काठ धरून खोल टोकाशी थांबला होता. मी आहे, तो म्हणाला.

काठावर उभं राहून तिनं खांदे ताणून पाहिले. छातीचं बक्कल लावलं, ओढलं, पुन्हा ओढलं. कमरेचा पट्टा ओढला, पुन्हा ओढला. मग पाठीमागे लोंबणारा पट्टा तिच्या हाताला लागला. टेबलावर हा पट्टा तिनं जन्मभर ओढला होता. पण इथे पाय फाकवून उभं राहायचं, वाकायचं, तो मांड्यांमधून पुढे ओढून घ्यायचा, आणि हे सगळं वन्संसमोर, मुलीसमोर, चार परक्या पुरुषांसमोर. जीवरक्षक बाई दुसऱ्या टोकाला मस्ती करणाऱ्या कुणावर तरी शिट्टी वाजवत होती. डबलखेचनं पट्टा सोडून दिला. तो नसला तरी बाकीचे दोन आहेत, असं तिला वाटलं.

आणि तिनं पाय उचलला.

पाणी अंगाला लागलं ते तिला कळलंच नाही. कळलं ते हे, की ती खाली जात होती आणि जॅकेट वर. नारिंगी कापड हनुवटीवरून, तोंडावरून, कानांवरून सरकत गेलं. तिनं ते धरायला हात वर केले, आणि हात वर झाल्याबरोबर ती त्यातून आणखी खाली घसरली. डोळ्यांसमोर फक्त नारिंगी होतं. तिला तिचाच श्वास ऐकू येत होता, पण आत काही जात नव्हतं. शिवण सुटली, हा एकच विचार तिच्या डोक्यात होता. कुणीतरी एकदाच ओढला.

मग मानेमागून कुणीतरी तिला पकडलं. काठावर आणून टाकलं तेव्हा ती खोकत होती आणि मुलगी तिचं डोकं धरून उगाचच तिच्या पाठीवर थापट्या मारत होती. मुलीचा चेहरा पांढरा पडला होता. “पुरे झालं, आई,” ती म्हणत होती. “नको यायला. मी पुन्हा कधी म्हणणार नाही. खरंच नाही म्हणणार.”

वन्सं खुर्चीवरून उठल्या होत्या. “मी म्हणतच होते,” त्या म्हणाल्या, पण काय म्हणत होत्या ते त्यांनाही आठवेना.

जीवरक्षक बाई आली, वाकली आणि पाठीमागे लोंबणारा पट्टा तिनं दोन बोटांनी उचलून दाखवला. “हा कुणी बांधायचा?”

डबलखेचनं तो पट्टा पाहिला. मग जॅकेट अंगातून काढून मांडीवर घेतलं, आणि तिथेच, ओल्या फरशीवर, कारखान्यात बसल्यासारखी तपासायला लागली. खांदा. छाती. कमर. एक टाका हललेला नव्हता. ज्या कुणा बाईनं ते शिवलं होतं, आणि ज्या कुणी पास केलं होतं, त्यांनी आपलं काम केलं होतं.

नवरा काठ धरून पाण्यातच होता. तिला वर आणताना लागलेली धाप अजून गेली नव्हती.

ती उठली. जॅकेट घातलं. बक्कल, कंबर. मग पाय फाकवून, ओला पायजमा गोळा करून, वाकून तो पट्टा मांड्यांमधून पुढे घेतला आणि ओढला. वन्संनी तोंड दुसरीकडे केलं. तिनं तो पुन्हा ओढला.

“आई,” मुलगी म्हणाली.

या वेळी ती थेट उडी न मारता काठावर बसून आत सरकली. नवऱ्यानं कॉलर पकडली. पाय खाली शोधत होते, खाली काही नव्हतं. छातीत ठोके पडत होते ते जॅकेटाच्या आतून ऐकू येत होते. पण जॅकेट जागेवर राहिलं. त्यानं तिची हनुवटी वर धरली आणि तिला मागे कलतं केलं. तिनं दोन्ही हातांनी त्याचं मनगट घट्ट पकडलं होतं. त्याच्या हाताला जन्मभर स्टिअरिंग धरून झालेले घट्टे होते. ती ते मनगट दुपारभर धरून राहिली असती, आणि त्यानंही धरू दिलं असतं.

“आता सोडा,” ती म्हणाली.

“नक्की?”

“पुन्हा विचारलंत, तर मी नको म्हणेन. सोडा.”

त्यानं सोडलं. ती थोडी फिरली, एका बाजूला कलली, तोंडात पाणी गेलं, ते तिनं थुंकलं. मग थांबली. कान पाण्यात होते, त्यामुळे तलावावरचा सगळा गोंगाट दूर, शेजारच्या घरातल्यासारखा येत होता. वर पत्र्याच्या छताला एक फट होती आणि तिच्यातून उन्हाची पट्टी पडली होती. भीती गेली नव्हती. ती पोटात होती तिथेच होती. पण ती तरंगत होती, भीतीसकट.

घरी येताना वन्संनी म्हटलं की कानात पाणी गेलं असेल तर वाफ घे. संध्याकाळी चहा झाला. मुलीनं फोन हातात घेतला आणि नावाचं काय करायचं ते आत्ताच ठरवू या म्हणाली, उद्या मुदत संपतेय. तिनं हे आईकडे न बघता विचारलं. नवरा कपातल्या चहाकडे बघत राहिला. वन्सं पर्समध्ये चष्मा शोधायला लागल्या. नावाचं स्पेलिंग चुकायला नको म्हणून.

डबलखेच खिडकीतल्या दोरीवर दोन नारिंगी जॅकेटं वाळत घालत होती. शेवटचा चिमटा लावला, ओढून पाहिला, पुन्हा ओढून पाहिला.

“नाव बदलायचं नाही,” ती म्हणाली. “मी जाणार आहे. वन्सं, कपाटापाशी ठेवलेली बॅग तेवढी घेऊन जा. मला माझी भरायची आहे.”